एकटी बाई दिसली की तीच व्हिलन का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मैत्रिणींवरच्या सायकॉलॉजिकल थ्रिलरबद्दल जो लेख आला होता त्यावर हे पत्र आहे. जरा लांबलंय, पण जागा असेल तर सगळं छापा अशी विनंती. आधी आभार मानते, कारण सासू-सून आणि नणंद-भावजय सोडून दोन बायकांच्या नात्याबद्दल मराठी पेपरात फारसं काही येतच नाही, आणि लेखही मन लावून लिहिलेला होता. पण शेवटी जो सल्ला दिलाय तो मला अजिबात पटला नाही. सल्ला असा की लग्न न झालेली, चार माणसांत न मिसळणारी, एकटी राहणारी बाई अचानक फार जवळीक करायला लागली तर सावध व्हा, कारण हे सिनेमे आपल्याला तेच तर सांगतायत.

सिनेमे तेच सांगतात हे खरंय. पण ते खोटं सांगतायत, आणि त्या खोट्यामुळे खऱ्याखुऱ्या मुलींचं नुकसान होतंय असं माझं म्हणणं आहे.

माझ्याबद्दल एवढंच की मी निवृत्त शिक्षिका आहे, लग्न केलेलं नाही, सदाशिव पेठेत वडिलांच्या जुन्या घरात राहते, घरात एक मांजर आहे. म्हणजे लेखातलं वर्णन मला अगदी मापात बसतं. पण मला स्वतःला लागलं म्हणून मी लिहीत नाहीये, या वयात असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी स्पर्धा परीक्षेच्या मुलींना देते, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्याने, आणि तिथे जे बघितलंय ते ह्या सिनेमांच्या बरोब्बर उलटं आहे म्हणून लिहितेय.

आधी सिनेमांचं बोलू. लेखात ज्या दोन सिनेमांचा उल्लेख होता ते दोन्ही मी बघितलेत, त्यातल्या एकाची कादंबरीसुद्धा वाचलीये आणि ती मला फार आवडते, हे आधीच सांगते म्हणजे मी काही अशा गोष्टींच्या विरुद्ध आहे असं कोणाला वाटू नये. ती म्हणजे झोई हेलर यांची नोट्स ऑन अ स्कँडल. कादंबरी 2003 ची, त्या वर्षी बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होती, आणि 2006 मध्ये त्यावर जूडी डेंच आणि केट ब्लँचेट यांचा सिनेमा आला. लंडनमधली एक शाळा. बार्बरा म्हणून इतिहास शिकवणारी, निवृत्तीला आलेली, एकटी बाई. शीबा म्हणून नवीन आलेली आर्ट टीचर, सुंदर, नवरा-मुलं असलेली, जराशी भांबावलेली. बार्बराला ही मैत्रीण हवीच असते. आणि मग तिला कळतं की शीबाचं एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याबरोबर प्रकरण चालू आहे. (इथे एक स्पष्ट सांगते, शीबा जे करते तो गुन्हाच आहे, लहान मुलावर केलेला अत्याचार आहे, बाईने केला म्हणून तो रोमँटिक होत नाही. शाळेत आयुष्य गेलंय माझं, याबाबतीत मला काही ऐकूनच घ्यायचं नाही.)

आता बार्बरा काय करते बघा. ती मुख्याध्यापकांकडे जात नाही, पोलिसांकडे जात नाही. ती शीबाला म्हणते, मी आहे ना, मी कोणाला सांगणार नाही, तू फक्त हे बंद कर. झालं, त्या क्षणापासून शीबा तिच्या मुठीत. धमकी नाही, पैसे मागणं नाही, आवाज चढवणं नाही, फक्त मदत. त्या मुलाचा काय विचार? काहीच नाही, तो बार्बराच्या हिशेबातच नाही, तिच्या दृष्टीने ते गुपित म्हणजे एक ठेव आहे आणि ती व्याजासकट वसूल करायची आहे. डायरीत ती चांगल्या दिवसांवर सोनेरी स्टार चिकटवते, आपण पहिली-दुसरीच्या पोरांच्या वहीत चिकटवायचो तसे. मी हे बघून हादरले होते, कारण ती मैत्री जगतच नाहीये, तपासतेय, मार्क देतेय.

आणि मग तिचं मांजर मरायला टेकतं. तेव्हा शीबाने आपल्याबरोबर असावं असं तिला वाटतं, पण शीबाच्या मुलाचं शाळेत नाटक असतं, आणि या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, तर आई तिकडे जाणारच ना. शीबा नाटकाला जाते. बार्बरा काही आरडाओरडा करत नाही. नंतर शाळेतला एक सहकारी येतो, त्याला शीबा आवडत असते, तो बिचारा विचारायला आलेला असतो की माझं काही जमेल का, आणि बार्बरा बोलता बोलता सहज एक गोष्ट त्याच्या कानावर घालते की तिला बाबा फारच कोवळी मुलं आवडतात. बस्स. एवढंच. बाकीचं आपोआप होतं, नोकरी जाते, संसार मोडतो, घराबाहेर कॅमेरे येतात, आणि शीबाला जायला एकच घर उरतं, बार्बराचं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. सबंध गोष्टीत हा एक क्षण मला सगळ्यात भीतीदायक वाटतो, कुठल्याही सुरी-चाकूपेक्षा, कारण यात बार्बराने केलं काय तर एका माणसाशी दोन शब्द बोलली.

कादंबरीत तर हे आणखी जबरदस्त आहे कारण सगळी गोष्ट बार्बराच लिहितेय, आपल्याला तिच्याच तोंडून सगळं कळतं, आणि ती इतकं छान, तिरकस, हुशार लिहिते की आपण तिच्या बाजूने होऊन जातो आणि मग मध्येच कुठेतरी एखादं वाक्य येतं आणि लक्षात येतं की अरे ही बाई काय करतेय. तिच्या एकटेपणाचा एक उतारा आहे, सगळा वीकेंड लाँड्रीत जाऊन यायचं या एका कामाभोवती रचायचा, माणसाचा स्पर्श इतका दुर्मीळ की बस कंडक्टरचा हात चुकून लागला तरी अंगातून काहीतरी जातं. ज्यांनी हे लिहिलंय त्यांना एकटेपण आतून कळलंय यात मला शंका नाही. मी स्वतः असे रविवार काढलेत.

पण म्हणूनच विचारते, असे रविवार काढणाऱ्या किती बायका जगात असतील? किती शिक्षिका, नर्सेस, विधवा, घटस्फोटित, मुलं परदेशी गेलेल्या आया? त्या काय सगळ्या कोणाच्या तरी गळ्याला फास लावत बसल्यात का? बहुतेकजणी रेडिओ लावतात, भाजी आणतात, फार तर बहिणीला फोन करतात. बार्बरा जे करते ते एकटेपणामुळे नाही होत. तिला माणूस मालकीचं करून हवंय म्हणून होतं. आणि ही मालकीची हाव भरल्या घरातल्या, मैत्रिणींच्या घोळक्यात वावरणाऱ्या बाईलासुद्धा असू शकते. कादंबरीत हा फरक बारकाईने वाचणाऱ्याला दिसतो. सिनेमाने मात्र शेवटी बार्बराला बाकड्यावर बसलेल्या आणखी एका तरुण बाईशेजारी नेऊन बसवलंय, म्हणजे बघा हं, पुढचं सावज. आणि प्रेक्षक घरी काय घेऊन जातो तर बागेत एकटी बसलेली म्हातारी बाई धोकादायक असते.

दुसरा सिनेमा सिंगल व्हाइट फीमेल, 1992 चा, न्यूयॉर्कमधला. याच्यावर फार वेळ घालवत नाही. होणाऱ्या नवऱ्याने फसवलं म्हणून त्याला घराबाहेर काढलेली अॅली, पेपरात रूममेटसाठी जाहिरात देते, हेडी राहायला येते, साधी, लाजरी, मदत करणारी. मग हळूहळू हेडी तिच्यासारखे कपडे घालते, तिच्यासारखेच केस कापून रंगवून घेते. ब्युटी पार्लरच्या जिन्यावरून ती खाली येते आणि अॅली वर बघते, तो सीन ज्यांनी बघितलाय ते विसरणार नाहीत. पण माझ्या मते त्याच्याही आधी एक गोष्ट होते ती जास्त महत्त्वाची. त्या होणाऱ्या नवऱ्याने तडजोड करूया म्हणून फोनवर मेसेज ठेवलेला असतो, तो हेडी पुसून टाकते. पुढे त्याची पत्रंही दाबून ठेवते. अॅलीला वाटतं त्याने विचारलंच नाही. मैत्रिणीला ताटाखालचं मांजर करायचं तर पहिली गोष्ट हीच करतात, तिच्यापर्यंत काय पोचायचं आणि काय नाही हे आपल्या हातात घ्यायचं. सिनेमाला हे कळलं होतं. पण नंतर कुत्र्याचं पिल्लू मरतं, बुटाच्या टाचेने खून होतो, लहानपणी बुडून मेलेली जुळी बहीण निघते, आणि सगळं स्वस्तात सुटतं, कारण ती तर वेडीच होती ना.

आणि हो, बार्बरा आणि हेडी या दोघींनाही बायकाच आवडत असाव्यात असा एक इशारा दोन्ही सिनेमांत पेरून ठेवलाय. तोही मला खटकतो. एकटी, बिनलग्नाची, वरून लेस्बियन असावी असा संशय, म्हणजे घाबरायला जे जे लागतं ते सगळं एकाच बाईवर लादून टाकलं.

बरं आता हीच गोष्ट पुरुषाची झाली की काय होतं तेही बघा. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या कादंबरीतला टॉम रिप्ली 1955 मध्ये आला. तोही श्रीमंत मित्राच्या मागे लागतो, त्याचे कपडे घालून बघतो, त्याचा खून करून त्याचं नाव, त्याचे पैसे, सगळं वापरतो. हेडी जे करायला बघते ते तो यशस्वीपणे करतो. आणि लेखिकेने त्याच्यावर एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या, वाचक मनातल्या मनात म्हणतात पकडला जाऊ नये रे देवा. तो हुशार, स्टायलिश, थंड डोक्याचा. तोही एकटाच आहे की! पण रिप्ली वाचून कोणी लिहीत नाही की अविवाहित पुरुषांपासून जपून राहा.

आता माझ्या वरच्या मजल्यावर येते. नावं, गावं सांगणार नाही, मुली ओळखू येतील असं काहीही लिहिणार नाही, पण जे झालं ते असं.

दोघी एकाच भागातल्या, एकाच खोलीत दोन कॉट. मोठी तीन-चार वर्षांनी मोठी, म्हणून धाकटी तिला ताई म्हणायची. ही ताई म्हणजे सगळ्या वाड्याची लाडकी. हसरी, बोलकी, दहा मैत्रिणी, लग्न ठरलेलं, घरचं बरं. रविवारी रात्री मेस बंद असते तर ही सगळ्यांसाठी खिचडी टाकणार, कोणाला ताप आला तर डॉक्टरकडे नेणार, माझी बीपीची गोळी संपली तर न सांगता आणून देणार. धाकटी अबोल, गणितात पक्की, घरून पैसे येणार ते कापसाचे पैसे आले की येणार, नाही आले तर नाही. टेस्ट सिरीजची फी ताईने भरली. धाकटीचा रिचार्ज संपलेला असायचा म्हणून परीक्षेच्या अर्जाच्या प्रोफाइलला नंबर ताईचा, ईमेल ताईनेच काढून दिलेला, पासवर्ड ताईला माहीत. यात कोणालाच काही गैर वाटलं नाही, वाटण्यासारखं नव्हतंच, पेठेतल्या निम्म्या खोल्यांमध्ये असंच चालतं, मुली एकमेकींचे फॉर्म भरतात, पैसे एकमेकींच्या फोनवरून जातात.

धाकटीची आई ताईच्या फोनवर फोन करायची. ताई सांगायची, काकू ती अभ्यासिकेत आहे, मी निरोप देते. आणि धाकटीला सांगायची, आई म्हणाली सारखा फोन करू नको, इकडे फार टेन्शन आहे. आईला सांगायची, ती तुमच्यावर रुसलीये, पैसे वेळेवर नाही आले म्हणून, तुम्ही काही बोलू नका, मी समजावते. म्हणजे मायलेकी दोघीही गप्प, आणि दोघीही ताईचे उपकार मानतायत.

मग सराव परीक्षेत धाकटीला ताईपेक्षा जास्त मार्क पडायला लागले. त्यानंतर ताईची पाठ दुखायला लागली, रात्री एकटीला भीती वाटायला लागली, धाकटीने अभ्यासिकेतून लवकर यायचं, पाय चेपून द्यायचे. धाकटीने दुसऱ्या एका मुलीबरोबर नोट्स वाटून घेतल्या तर ताई दोन दिवस जेवली नाही, आणि जेवत का नाही हे सगळ्या मजल्याला कळेल अशा पद्धतीने जेवली नाही. धाकटीच मग सगळ्यांसमोर माफी मागून मोकळी.

आणि एका भरतीच्या जाहिरातीचा अर्ज राहिला. ताई म्हणाली होती, तू वाच, मी दोघींचा भरते. स्वतःचा भरला. धाकटीचा भरायला घेतला, फी भरलीच नाही, आणि फी भरल्याशिवाय तो अर्ज जातच नाही हे स्पर्धा परीक्षा करणारं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मेसेज जे यायचे ते ताईच्या फोनवर. तारीख उलटून गेल्यावर कळलं. आणि मग काय झालं माहितेय? ताई ओक्साबोक्शी रडली. माझ्यामुळे झालं, मी कशी विसरले, माझं तोंड बघू नका. सगळा मजला ताईभोवती गोळा, कोणी पाणी देतंय, कोणी पाठीवरून हात फिरवतंय, आणि जिचं वर्ष गेलं ती धाकटी खाली बसून ताईला म्हणतेय, ताई रडू नका ना, चालतं, पुढच्या वेळी भरू. मी दारात उभी होते. बार्बराने एका माणसाला सांगितलेली ती गोष्ट मला तेव्हा आठवली.

हे उघडकीला आलं ते आई न कळवता एसटीने आली म्हणून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली, लेक खाली आली, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं, तू का रुसलीस. मग एकेक धागा सुटत गेला, कोणी कोणाला काय सांगितलं होतं ते. ताईला बोलावलं तर ती काय म्हणाली, मी हे सगळं तुमच्या दोघींच्या भल्यासाठीच केलं. आणि मला आजही वाटतं की ती खोटं बोलत नव्हती, तिला स्वतःला ते तसंच दिसत होतं. पोलिसांत जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. धाकटीने खोली बदलली, नवीन सिमकार्ड घेतलं. ताईला मात्र वाड्यातल्या निम्म्या मुलींनी निरोपाला केक आणला, कारण त्यांच्या मते इतक्या चांगल्या मुलीवर आळ घेतला गेला.

सांगायचा मुद्दा असा की तुमच्या लेखातल्या वर्णनाने या मजल्यावर कोणी शोधायला गेलं असतं तर संशय कोणावर आला असता? अबोल धाकटीवर. किंवा खाली मांजर घेऊन बसलेल्या माझ्यावर. ताईवर तर कोणाचाच नाही.

आणि हे माझ्या एका वाड्यापुरतं नाहीये. 1995 मध्ये निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या अमेरिकन संशोधकांचा शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास आला, फार गाजला तो. त्यांनी म्हटलं की मारामारी, ढकलाढकली एवढंच मोजत बसलो तर मुली सौम्य दिसणारच, पण नातं हेच हत्यार करून जो त्रास दिला जातो, म्हणजे कट्टी करेन अशी धमकी, घोळक्यातून बाहेर काढणं, अफवा सोडणं, तो मोजायला घेतला की चित्र बदलतं. त्याला रिलेशनल अॅग्रेशन म्हणतात. मग 2004 मध्ये त्याच जर्नलमध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता, आणि त्यात दिसलं की वय वाढेल तसं असं वागणारी मुलं वर्गात जास्त पॉप्युलर मानली जातात, मनातून ती सगळ्यांना आवडतात असं नाही, पण वजन त्यांचंच. मला वर्गात उभं राहून जे दिसायचं ते हेच. त्रास देणारी मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर नसायची, ती मॉनिटर असायची, गॅदरिंगला अँकरिंग तीच करायची, आणि स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या तिचं कौतुक करत असायचो.

कायद्याचं बघाल तर तिथेही असा त्रास सोसणाऱ्या मुलींना फारसं काही नाही. इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने जोडीदाराने किंवा घरच्यांनी सतत मुठीत ठेवणं, तोडून ठेवणं, पाळत ठेवणं हा गुन्हा ठरवला, पण तो जोडीदार आणि कुटुंब यांच्यापुरता, मैत्रिणीला लागू नाही. आपल्याकडे 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात भावनिक छळ आहे, पण तिथे रक्ताचं, लग्नाचं किंवा तशासारखं, नाहीतर एकत्र कुटुंबाचं नातं लागतं. नवीन भारतीय न्याय संहितेत पाठलागाचं कलम 78 आहे, त्याची सुरुवातच कोणताही पुरुष अशी आहे. मैत्रीतल्या प्रत्येक दुखण्यासाठी पोलीस हवेत असं माझं मुळीच म्हणणं नाही, ते भलतंच होईल. पण जिथे कायदा नाही, घरच्यांना पत्ता नाही, तिथे निदान गोष्टी आणि सिनेमे तरी असतात ज्यातून मुलगी ओळखू शकते की अरे, हे माझ्याच बाबतीत चाललंय. त्या गोष्टींनीच तिला चुकीचा चेहरा दाखवला तर ती ओळखणार कशावरून?

म्हणून मला थ्रिलर हवेत, जास्त हवेत, आणि मराठीत हवेत. आपल्याकडे मालिकेतली मैत्रीण बिघडली की तिला दुसऱ्या एपिसोडपासून काजळ जास्त आणि पार्श्वसंगीत वेगळं, आणि ती हिरोच्या मागे लागलेली असते. बाईला बाईवर मालकी हवी असू शकते, मध्ये कुठलाही पुरुष नसताना, हे आपल्या लेखकांना सुचतच नाही की काय कळत नाही. एखाद्या लेखिकेने लिहावं ना, पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीवर, नाहीतर नर्सिंग हॉस्टेलवर, नाहीतर बंगलोरला आयटीत गेलेल्या दोन मराठी मुलींवर. खून नको. वेड नको. बुडालेली बहीण नको. शेवटपर्यंत कोणीही काहीही बेकायदेशीर करायचं नाही आणि तरी वाचणाऱ्याला रात्री झोप येऊ नये. आणि ती मैत्रीण सगळ्यांची लाडकी असू दे. तिच्या साखरपुड्याला आपणही जाऊन आलेलो असू दे.

यावर कोणी म्हणेल की अशाने प्रत्येक मदत करणाऱ्या मैत्रिणीवर संशय घ्यायचा का. नाही हो. माझ्या वरच्या मजल्यावर मी शंभर चांगल्या मैत्र्याही बघितल्यात, एकीची पोस्ट निघाल्यावर, म्हणजे नोकरीसाठी निवड झाल्यावर, दुसरी स्वतः नापास झालेली असताना तिच्या गावाला पेढे घेऊन गेलेली बघितलीये. फरक ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. खरी मैत्रीण मदत करते तेव्हा तुमची दारं वाढतात, नवीन ओळखी होतात, घरी बोलणं होतं, दुसऱ्या मुलीशी नोट्स वाटल्या तरी तिचं जेवण सुटत नाही. आणि दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मदतीनंतर तुमची एकेक वाट तिच्या खोलीतून जायला लागते. ती बाई एकटी आहे की चौकोनी कुटुंबातली, याने यात काही फरक पडत नाही.

मी आता खोली देताना मुलींना दोन गोष्टी सांगते. अर्जाला नंबर स्वतःचाच द्या, रिचार्जचे पैसे नसतील तर माझ्याकडून घ्या आणि पगार सुरू झाल्यावर द्या. आणि आईशी बोलायचं ते थेट बोला, निरोपावर नको. ज्यांना फारच कोंडल्यासारखं वाटतं त्यांना सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर देते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी या विषयावर पान कराल तेव्हा सिनेमांबरोबर अभ्यासिकेतल्या आणि हॉस्टेलच्या मुलींशीही बोला, नावं छापू नका, आणि पहिला प्रश्न हा विचारा की तुझा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो. माझ्याकडच्या मुली बोलायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय, संध्याकाळी सात ते आठ त्या अभ्यासिकेतून जेवायला येतात, तेव्हा कोणालाही पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे